एका आसनाची गाडी

"येडक्के! अम्मा, येडक्के!"

मागून ओरडा आला तसं हेमलताने दोन्ही ब्रेक एकदम आवळले. ऑटोसायकल करकचून थांबली, इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते विझलं. मोटार-कचेरीच्या आवारात लायसनसाठी ताटकळलेले टॅक्सीवाले, लॉरीवाले, स्कूटर घेऊन आलेले एक टाय लावलेले गृहस्थ, सगळेच्या सगळे तिच्याकडे बघत होते. पदर कमरेला खोचलेला, निऱ्यांना सेफ्टी पिनांची रांग आणि गाडीच्या पुढच्या मडगार्डवर पांढऱ्या पत्र्यात तांबडा 'एल'. तिने पाय जमिनीला टेकले, मान मागे वळवली आणि खणखणीत पुणेरी मराठीत विचारलं,

"येडी कोणाला म्हणता हो?"

इन्स्पेक्टर हयवदनरावांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की परीक्षेला आलेली बाई डावीकडे वळायचं सोडून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आहे आणि वर आपल्यावरच डोळे वटारते आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"नेक्स्ट वीक, अम्मा."

"पण मी केलं काय?"

"लेफ्ट! आय सेड लेफ्ट!"

"यू सेड येडी!"

लॉरीवाल्यांतल्या कोणाला तरी मराठी येत असावं. तो फिस्सकन हसला, त्याने शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हसू आवारभर पसरत गेलं. हेमलताने गाडी ढकलत झाडाखालच्या दगडी बाकाकडे नेली.

बाकावर पद्मावतीअक्का नीलाला मांडीजवळ घेऊन बसल्या होत्या. अक्का हेमलताच्या घरमालकीण. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळी बंगळुरात आलं आणि तेव्हापासून मराठीच बोलतं, असं त्या अभिमानाने सांगत. पण त्या मराठीतला निम्मा डबा कन्नडने भरलेला होता. आता त्या पदराने डोळे पुसत होत्या. हसून हसून.

"अय्यो हेमा! येडा म्हणजे डावं गं! येडक्के म्हणजे डावीकडं. शिवी नव्हं ती!"

"मग उजवं?"

"बला."

हेमलता त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे डावीकडे वळलं की येडं आणि उजवीकडे वळलं की बला?"

"हेच की गं बंगळूर! सरळ जा, नीट राहशील!" अक्का पुन्हा हसायला लागल्या.

नीला मात्र हसत नव्हती. चार वर्षांची ती पोर, डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, तो बाकावरून खाली लोंबत होता. त्याच्याकडे बघत तिने विचारलं,

"मग माझा हा पाय येडा आहे?"

अक्कांचं हसू जागच्या जागी थांबलं. हेमलताने गाडी स्टँडवर लावली, लावलेली नीट बसली का ते दोनदा हलवून पाहिलं आणि म्हणाली, "हो. आणि म्हणूनच त्याला शहाणं करायला न्यायचंय. चला."

"तू नापास झालीस ना, आई?"

"झाले."

"मग बाबा रागावतील?"

"बाबा हसतील," हेमलता म्हणाली. आणि तिला तेच नको होतं.

*

नीला दीड वर्षाची असताना तिला ताप आला होता. त्याआधीही हेमलता पाणी उकळून गाळून देत असे, दुधाच्या बाटल्या पातेल्यात खळखळून घेत असे, रस्त्यावरचं आइसफ्रूट तिने पोरीला कधी लांबूनसुद्धा दाखवलं नव्हतं. शेजारणी हसायच्या. एवढं सगळं केलं, तरी ताप आला, आणि उतरला तो डाव्या पायातली ताकद बरोबर घेऊनच. तेव्हापासून हेमलताचं बघणं थांबेना. रात्री पोरीचा श्वास बघायचा, सकाळी बुटाच्या पट्ट्यांचे वळ बघायचे, दाराची कडी बघायची, आणि बिछान्यात शिरल्यावर पुन्हा उठून कडी बघायची. तिचा नवरा श्रीकांत म्हणायचा, "अगं, कडी काय पळून जाणार आहे का?" तिला तर्कशास्त्रात बी. ए. केल्याचा काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच, की आपल्या काळजीला बुड नाही हे तिला नीट पायरी पायरीने सिद्ध करता यायचं. त्याने काळजी मात्र जायची नाही.

छावणीतल्या मोठ्या इस्पितळात नीलाच्या पायाला व्यायाम द्यायची खोली होती. एक दिवसाआड जायचं, सकाळीच जायचं. श्रीकांत कारखान्यात टूलरूममध्ये इंजिनिअर. पहाटे कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची आणि तो जायचा. जटकेवाला, म्हणजे इथला टांगेवाला, सकाळच्या वेळी शाळेच्या मुलांना बांधलेला. उरली रस्त्यावरची बस. घराजवळच्या हलसूरच्या थांब्यावर ती पुरती थांबायचीच नाही. पोरीचा बूट पायरीवर ठेवायच्या आधीच कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून ओरडायचा, "बेग हत्ती! बेग हत्ती!"

"आई, तो मला हत्ती का म्हणतो?"

"तुला नाही गं. हत्ती म्हणजे चढा. लवकर चढा, म्हणतो."

"मी चढतेच आहे. त्याला सांग ना, मी हत्ती नाही."

एके दिवशी बस हलली, तेव्हा नीलाचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा, लोखंडातला, अजून हवेत. हेमलताच्या हाताला तिची वेणी लागली म्हणून पोर चाकाकडे गेली नाही. वेणी. हात नाही, दंड नाही, वेणी. घरी आल्यावर ती वेणी सोडून तिने पुन्हा घातली, पुन्हा सोडली. त्यानंतर बसच्या थांब्यावर जायला तिची पावलंच उठेनात. पोरीला कडेवर घेऊन ट्रिनिटीच्या चढावरून चालत जाऊन पाहिलं, पण बुटासकट पोर जड. अर्ध्या वाटेत दम लागायचा, व्यायामाची वेळ निघून जायची. असे काही आठवडे गेले आणि डॉक्टरांनी नीलाचा गुडघा दाबून पाहिला.

"मागची शीर आखडतेय," ते म्हणाले. "नेमाने ताण देणं थांबलं की ती आखडतेच. महिन्या-दोन महिन्यांत पाय सरळ होईनासा होईल. मग कापून सरळ करावा लागतो, आणि मी ते या वयात नको म्हणेन."

त्या संध्याकाळी हेमलताने पडवीतल्या ऑटोसायकलवरची गोणपाटं काढली.

ही गाडी श्रीकांतने विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून घेतली होती. दिसायला जाडजूड सायकल. पायडल होती, चेन होती, आणि मधोमध एक छोटंसं इंजिन. सुरू करायला पायडल मारायची, मग इंजिन पकडायचं आणि पायांना सुट्टी. कारखान्याची बस मिळू लागल्यापासून ती पडूनच होती.

"मला शिकवा," ती म्हणाली.

श्रीकांत जेवायला बसला होता. घास हातातच राहिला. "तू? गाडी? अगं, परवा रस्ता ओलांडताना तू माझा हात असा धरला होतास की वळ उठले!"

"रस्ता ओलांडताना मला वाहनं येतात कशी ते कळत नाही. चालवायला लागले की कळेल."

"हे तर्कशास्त्र?"

"हे आईशास्त्र. शिकवता की नाही?"

त्याने शिकवलं. रविवारी सकाळी मैदानात तो तिच्यामागे धावायचा, "सोड! क्लच सोड! हळू सोड, बाई!" करत. नाकाचा शेंडा लाल व्हायचा त्याचा. तिला वाटायचं, आता हा धापा टाकत पडेल. तेही ती बघायची. आरशात रस्त्याऐवजी नवरा बघत असल्यामुळे एकदा ती थेट शेळ्यांच्या कळपात शिरली. पण शिकली. बाईने ऑटोसायकल चालवणं हा बंगळुरात तेव्हा बघण्यासारखा प्रकार होता. पोरं मागे धावायची आणि दूधवाला सायकलवरून उतरून उभा राहायचा. हेमलताला त्यातलं काही दिसायचं नाही. तिला खड्डा दिसायचा, कुत्रं दिसायचं, उघड्या दाराची मोटार दिसायची.

बिनालायसनचं जायला श्रीकांतची हरकत नव्हती. "सायकलच ती. तिला इंजिन लावलंय एवढंच. कोण विचारतंय?" पण कोणी विचारो न विचारो, तिला ते चालण्यासारखं नव्हतं. ज्या गोष्टी नेमाने केल्या त्यातूनही ताप आला होता. ज्या बिननेमाच्या करायच्या, त्यातून काय काय येईल!

*

पुढच्या आठवड्याच्या परीक्षेसाठी अक्कांनी तिची तयारी करून घेतली. चुलीशी बसून त्या ओरडायच्या, "येडक्के!" आणि हेमलता अंगणात डावीकडे वळायची, "बलक्के!" म्हटलं की उजवीकडे. "निल्ली" म्हणजे थांबा. "नेरा" म्हणजे सरळ. नीलाला हा खेळ फार आवडला. ती आईला मुद्दाम चुकीचं सांगायची आणि आई भिंतीवर गेली की टाळ्या पिटायची.

आदल्या संध्याकाळी श्रीकांतने मागच्या कॅरिअरवर वेताची छोटी खुर्ची बांधली. पाठीला टेका, दोन्ही बाजूंना कठडे, पोटाशी पट्टा, आणि डावा पाय अवघडू नये म्हणून पत्र्याची एक लांब पायरी, टूलरूममध्ये स्वतःच्या हाताने वाकवलेली. "उद्या पास झालीस की तिथूनच इस्पितळात," तो म्हणाला. नीलाला त्याने बसवून पाहिलं. हेमलताने पट्टा ओढून पाहिला, कठडे हलवून पाहिले, पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं. कड घासून गोल केलेली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काय? मीपण बघतो कधी कधी."

दुसऱ्या दिवशी कचेरीत हयवदनरावांनी तिला ओळखलं. ओळखून ते मिशीत हसले आणि या वेळी इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून सांगू लागले. पण बाई चालवायला लागली, रस्त्यावर बैलगाडी आडवी आली, आणि माणूस ओरडतो ते त्याच्या आईच्या भाषेत. "येडक्के! येडक्के, अम्मा!" हेमलता डावीकडे वळली. आठाचा आकडा काढला. हात दाखवून थांबली. चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघाली. लॉरीवाल्यांतून कोणीतरी शीळ घातली, पण ती चांगल्या अर्थाची असावी.

"सरी," हयवदनराव म्हणाले. "पास."

बाकावर अक्कांनी नीलाचे दोन्ही हात वर धरून हवेत नाचवले.

आता उरली होती फक्त गाडीची तपासणी. साहेबाचं नाव बदलून घ्यायचं राहिलं होतं, म्हणून नोंदणीचं पुस्तकही आणलेलं होतं. हयवदनराव पुस्तक हातात धरून गाडीभोवती फिरले. इंजिनावरचा नंबर जुळला. हॉर्न वाजला. दिवा लागला. मग ते मागे आले आणि वेताच्या खुर्चीपाशी थांबले. पुस्तकात पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं.

त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, फक्त जरा जुनं, कोटाची सगळी बटणं लावल्यासारखं. "ही टोपली," ते म्हणाले, "भाजीसाठी. होय ना?"

हेमलताने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बघायची सवय तिला. तिला लगेच कळलं की हा प्रश्न नाही. हा माणूस दार किलकिलं करून धरतो आहे. हो म्हणायचं आणि आत जायचं. बाकावरून अक्का जोरजोरात मान हलवत होत्या, त्यांनाही कळलं होतं.

"भाजीसाठी असली तर चालते?"

"सामानाला हरकत नाही."

"आणि मूल असलं तर?"

हयवदनरावांनी निःश्वास सोडला. पुस्तक तिच्यापुढे धरून एका ओळीवर बोट ठेवलं. "आसन, एक. गाडी बनवणाऱ्याने एका माणसासाठी बनवली आहे, तशीच ती नोंदली आहे. या गाडीवर दुसरं माणूस बसवता येत नाही. मोठं नाही, लहानही नाही."

"लायसन मला मिळालं तरी?"

"लायसन तुम्हाला आहे, अम्मा. गाडीला नाही."

बाकावरून नीलाचा आवाज आला, "आई, मी येऊ? मी बसू आता खुर्चीत?" आणि पाठोपाठ लोखंडी बुटाचा दगडावर खट्ट आवाज. हयवदनरावांनी तिकडे पाहिलं. त्यांनी बूट पाहिला. मग खुर्चीची ती पत्र्याची लांब पायरी पाहिली, आणि पुस्तक हळूच मिटलं.

"मी भाजी म्हटलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणायला हवं होतं. आता मी ऐकलंय. मला खुर्ची काढून ठेवायला सांगावं लागेल."

"सांगा," हेमलता म्हणाली. "पण मला माहीत नसतं तर रोज चढावर मनात तेच आलं असतं, की हे चालतं की नाही. आणि गाडी चालवताना मन दुसरीकडे गेलं तर? नको. माहीत असलेलं बरं."

खुर्ची तिने स्वतःच सोडली. सुतळीच्या गाठी श्रीकांतच्या हातच्या, सुटता सुटेनात. हयवदनरावांनी खिशातून चाकू काढून पुढे केला. तिने नको म्हटलं आणि नखांनी गाठी सोडवल्या.

*

"कशाला सांगितलंस गं?" अक्का वाटभर बोलत होत्या. शाळेची मुलं सोडून आलेल्या जटक्यात त्या, नीला आणि मांडीवर वेताची खुर्ची; मागून गाडीवर हेमलता, एकटी. "त्यानं तोंडात घास घातला होता की! भाजी म्हणायचं! वांगी म्हणायचं!"

"आणि वांगी बोलायला लागली रस्त्यात, तर?"

"अय्यो, तुझ्या वांग्याचं!" अक्का म्हणाल्या आणि जटकेवाल्यावर खेकसल्या.

संध्याकाळी श्रीकांतने खुर्ची पडवीत पडलेली पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, पुन्हा बांधू. कोण बघतंय? रस्त्यावर हयवदनराव उभे राहणार आहेत का?"

"कोणी बघायची गरजच नाही."

"म्हणजे?"

"चौकात एखादी बस अंगावर आली आणि तिला काही झालं, तर म्हणतील, पास झालेली बाई, सगळं माहीत होतं, तरी नेली."

"कोण म्हणेल असं?"

"मी म्हणेन."

तो एकदम चिडला. तो क्वचित चिडायचा आणि चिडला की आवाज खाली जायचा. "आणि पाय? शीर आखडतेय, त्याचं काय? तिकडे कोण म्हणेल? तिथंही तूच म्हणशील ना?"

रात्री तिने कडी एकदाही पाहिली नाही. श्रीकांतलाच उठून बघावी लागली.

सकाळी कारखान्याची बस गेली, नीला अजून झोपलेली होती, आणि हेमलता पडवीत गाडीसमोर उकिडवी बसली. इंजिन. चेन. पायडल. तर्कशास्त्राच्या वर्गात त्यांचे सर एक वाक्य फळ्यावर लिहायचे आणि त्यातला एकेक शब्द खोडून विचारायचे, आता खरं आहे का? आता? तिने मनातल्या मनात इंजिन खोडलं. मग उठली, अक्कांना हाक मारून नीलाकडे बघायला सांगितलं आणि मोटार-कचेरी उघडायच्या आधीच तिथे जाऊन उभी राहिली.

हयवदनराव सायकलवरूनच आले. तिला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"अम्मा, मी काही करू शकत नाही."

"काही करू नका. एकच सांगा. या गाडीला इंजिन चाकापासून सोडवायची खिटी आहे. ती लावली, इंजिन बंद ठेवलं आणि मी पायडल मारून गेले, तर ही मोटार आहे का?"

ते सायकलला टेकून बराच वेळ विचार करत राहिले. चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"आमच्या खात्याचं काम मोटारींचं," शेवटी ते म्हणाले. "मोटार चालू असेल तर मी तपासतो. पायडल मारत कोणी निघालं, तर ती..." त्यांनी स्वतःच्या सायकलच्या हँडलवर थाप मारली. "सायकली कॉर्पोरेशनकडे. त्यांचा बिल्ला वेगळा. सायकलवर लहान मुलाची खुर्ची लागते, माझ्याच नातीची आहे." मग घाईने म्हणाले, "मी हे सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, मी विचार केला, एवढंच. पण जड आहे ती गाडी, अम्मा. तुम्ही चढ पाहिलाय ना ट्रिनिटीचा?"

"रोज पाहते," ती म्हणाली.

कॉर्पोरेशनच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने मान बाहेर काढून गाडी न्याहाळली. कन्नडात काहीतरी पुटपुटला. मग हिंदीत विचारलं, "ये क्या है?"

"सायकल."

"इंजिन?"

"बंद है."

"पॅडल?"

"है."

"चेन?"

"है."

त्याने आत कोणाला तरी विचारलं. आतून हसण्याचा आवाज आला, पण नाही असं कोणी म्हटलं नाही. त्याने पितळी बिल्ला खिडकीतून सरकवला. हेमलताने तो हँडलखाली तारेने बांधला. आता गाडीला पुढे मोटारीचा नंबर होता आणि त्याच्या डोक्यावर सायकलचा बिल्ला. श्रीकांतने संध्याकाळी ते पाहिलं तेव्हा तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने वंगणाची डबी आणली आणि मांडी घालून चेनला, पायडलना, प्रत्येक सांध्याला नीट वंगण घालत बसला. मग खुर्ची बांधली.

*

दुसऱ्या दिवशी हलसूरच्या तळ्यावर अजून धुकं होतं, तेव्हा मायलेकी निघाल्या. लायसन पिशवीत होतं. खिटी लावलेली आहे हे तिने तीनदा पाहिलं. सपाट रस्त्यावर फारसं काही वाटलं नाही. नीला मागून बडबडत होती, बदकं मोजत होती. चढ सुरू झाला तशी गाडी खरी किती जड आहे ते पोटऱ्यांना कळू लागलं. बाजूने बस गेली, कंडक्टर दारातून वाकून बघत राहिला. मागून एक फटफटी आली आणि फर्रर्र करत चढून गेली. तिच्या मागे निळा धूर राहिला.

"आई, आपली का नाही वाजत?"

"आपली... सायकल आहे."

"पण इंजिन आहे ना?"

"आहे. ते झोपलंय."

"उठव ना."

"तू खुर्चीत असलीस... की ते झोपतं."

नीलाने यावर विचार केला. बुटाची पट्टी तेवढी पत्र्यावर हलकेच वाजत होती. मग अगदी कानाजवळून आवाज सुरू झाला.

"फट्फट्फट्फट्फट्..."

आधी हळू, मग गाल फुगवून, जोरात. फुटपाथवरचा फुलवाला वळून बघू लागला. चौकातल्या पोलिसाने शिट्टी तोंडापर्यंत नेली, बिल्ला पाहिला, पायडलवर वरखाली होणारे पाय पाहिले, आणि आडवी येणारी टॅक्सी हाताने थांबवून धरली. हेमलताने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत घाम उतरला होता, आणि समोर फक्त रस्त्याचा उरलेला उंचवटा होता आणि त्याच्यावरचं आभाळ.

"फट्फट्... फट्... फट्..." पाठीमागचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. नीला धापा टाकत होती. "आई, माझं पेट्रोल संपलं."

हेमलता सीटवरून उठली. सगळं वजन उजव्या पायडलवर टाकलं, मग डाव्या. श्वास पुरत नव्हता, तरी तो तिने गोळा केला.

"फट्," ती म्हणाली. "फट्... फट्..."